पाच-नव्वदचे टायर

नवरा गेला तेव्हा घरात सगळ्यांना माझ्यापेक्षा त्याच्या गाडीची काळजी जास्त. ही आता काय करणार, हे कुणी विचारलं नाही. गाडीचं काय करायचं, हा विषय मात्र तेराव्याच्या आधीच निघाला.

गाडी म्हणजे दोन सीटांची, उघडी, विलायती स्पोर्ट्स कार. मायदेशी परतणाऱ्या एका साहेबाकडून नवऱ्याने ती जुनीच घेतली होती आणि चालवायला मलाही शिकवली होती. आम्ही राहायचो मद्रासला, टी. नगरात, मी गणित शिकवायची तांबरमच्या शाळेत. गाडी घेऊन शाळेत जायचं, असं मी ठरवून टाकलं.

थोरले दीर रेल्वेच्या कारखान्यात इंजिनियर. घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "टायरच्या तारा दिसायला लागल्यात. सोळा इंची टायर मद्रासमध्ये मिळत नाहीत आता, बाहेरून यायचे बंद झालेत. नुसती उभी राहून गंजेल. पुढच्या रविवारी चार वाजता गिऱ्हाईक येतंय."

"आणि त्याच्या आत चाकं मिळाली तर?"

"तर ठेव बापडी," ते हसत म्हणाले. त्या हसण्याने माझं डोकंच फिरलं.

देशी मोटारींना पंधरा इंची चाकं असत आणि त्यांचे पाच-नव्वदचे, म्हणजे सहा इंचांना जरा कमी रुंदीचे, टायर कुठल्याही दुकानात मिळत. आमचे होते सव्वापाच-सोळा, सव्वापाच इंच रुंद आणि सोळा इंची चाकाचे. त्या काळी टायरची उंची जवळजवळ रुंदीएवढीच असायची. म्हणजे चाकाच्या व्यासात रुंदी दोनदा मिळवायची. जुनं चाक टायरसकट साडेसव्वीस इंच, नवं पावणेसत्तावीसच्या जरा वर. एवढ्याशा फरकासाठी गाडी विकायची? हॅट्!

अडलं ते भोकांपाशी. देशी चाकाची भोकं आमच्या गाडीच्या बोल्टांना जुळेनात. पुदुपेटला जुन्या मोटारी मोडून सुटे भाग विकणारा एक मेस्त्री होता, त्याला जाऊन भेटले. माझं मोडकंतोडकं तमिळ ऐकून तो आधी हसला, मग चाक उलटसुलट करून बघितलं. जुन्या चाकाची मधली तबकडी कापून नव्या रिमला वेल्ड करू म्हणाला. "पण अम्मा, टायर रुंद आहे. वळवताना घासेल की नाही, ते बसवल्याशिवाय मी सांगणार नाही." मला हा माणूस आवडला. न बघताच नाही म्हणणाऱ्यांचा मला तेव्हा अगदी वीट आला होता.

रविवारी सकाळी मेस्त्रीने आमच्या दारात चाकं चढवली. दीर टेप घेऊन आलेच. गाडी अजून जॅकवर होती. हवेत लटकलेल्या चाकाचा व्यास त्यांनी मोजला, कागदावर आकडेमोड केली आणि निकाल दिला, "व्यास जास्त भरतोय. वेगाचा काटा चुकीचा दाखवणार. कशाला हा हट्ट?"

"भाऊजी, तुमच्या रेल्वेच्या चाकात हवा भरत नाहीत. ह्यात भरतात. वजन पडलं की टायर खाली बसतो."

जन्मभर पोलादी चाकं मोजलेला माणूस. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या.

मी आतून तांदळाच्या पिठाची वाटी आणली. आमच्या गल्लीत रोज सकाळी बायका दारात ह्याच पिठाची रांगोळी, म्हणजे कोलम, काढायच्या. विधवेने काढू नये, असं मला कुणी तोंडावर म्हणालं नव्हतं. माझ्या हातातून वाटी तेवढी हळूच काढून घेतली जायची. त्या दिवशी मी पीठ कालवलं, टायरवर एक ठिपका दिला आणि गाडीत बसले. मेस्त्रीने गाडी जॅकवरून उतरवली आणि ढकलली. चाक फिरत गेलं तसा जमिनीवर एक ठिपका उमटला, मग दुसरा. मी उतरून दोन्हींतलं अंतर मोजलं. जुन्या टायरचं तसंच आधी मोजून ठेवलं होतं. फरक फक्त बोटभर!

"दारात काय चालवलंयस हे?" दीर ओरडले. शेजारणी बाहेर आल्या होत्या.

"परीघ मोजतेय! आणि कोलम काढला असता तरी कुणाच्या बापाचं काय जात होतं?"

मग टायरच्या कडांना पीठ फासलं आणि स्टिअरिंग पार उजवीकडे फिरवलं. काही नाही. डावीकडे फिरवलं, तर मडगार्डच्या आत पांढरा ओरखडा.

"लागतंय," दीर म्हणाले. किती समाधान होतं त्या एका शब्दात!

मेस्त्री शांतपणे खाली शिरला. चाक जिथे वळायचं थांबतं, तिथे त्याने एक जाड वायसर घातला. "आता गाडी थोडी मोठं वळण घेईल, अम्मा."

"घेऊ दे की."

मडगार्ड पुसलं, पुन्हा पीठ, पुन्हा डावीकडे. "घाला हात आत," मी दिरांना म्हटलं. "तुम्हीच घाला." त्यांनी घातला. हाताला काळं लागलं, पांढरं नाही.

हात पुसत ते म्हणाले, "बसली चाकं, कबूल. पण आपण ड्रायव्हर ठेवू. घरातली विधवा बाई एकटी उघड्या गाडीतून फिरणार, बरं दिसत नाही ते."

"ड्रायव्हर? दोन सीटांच्या गाडीत? परक्या पुरुषाला खेटून बसलेली चालेन, एकटी नाही चालणार?"

शेजारणींत कुणीतरी फिस्सकन हसलं. आठवडाभर मी इंच मोजत होते, आणि दिरांना चाकांशी काही देणंघेणंच नव्हतं. चाकं गोल आहेत म्हणूनसुद्धा हे नाही म्हणाले असते!

मी गाडी सुरू केली. "चार वाजता गिऱ्हाईक आलं की सांगा, मालकीण गाडी घेऊन बाहेर गेलीय."

शाळेच्या वाटेवर सैदापेटच्या पुलावर आले आणि मला रडू फुटलं. नवरा गेल्यापासून पहिल्यांदा, अगदी मोठ्याने, भर रस्त्यात, उघड्या गाडीत. बसमधले लोक वाकून बघत होते. बघू देत म्हटलं, आणि गाडी न थांबवता तशीच पुढे तांबरमपर्यंत नेली.