ज्याचा त्याचा शेवट

श्शबाईंचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच सुखानं राहिलं. मुलं त्यांना श्शबाई म्हणत, पालक म्हणत, आणि एकदा बक्षीस समारंभात पाहुण्यांनीही माइकवरून तसंच म्हटलं. बाईंनी मनावर घेतलं नाही. पुस्तकाला कव्हर घालता घालता, मान वर न करता त्या "श्श" करायच्या, आणि तो आवाज भिंतीपलीकडच्या प्रयोगशाळेत जाऊन तिथलीही पोरं गप्प व्हायची. एवढी सत्ता हाती असल्यावर नावाचं काय घेऊन बसायचं!

ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली. चार लोखंडी कपाटं, त्यातलं एक लाथ मारल्याशिवाय उघडत नसे. कटकट करणारा पंखा, बाईंचं टेबल, आणि कोपऱ्यात एक स्टूल. या स्टुलाची कहाणी म्हणजेच बाईंची कहाणी.

नववीच्या अवांतर वाचनाच्या यादीत एक कादंबरी होती. बाकीची पुस्तकं यादीत यायची-जायची, ही मात्र ठाण मांडून होती. गोष्ट पंधरा वर्षांच्या एका मुलीची. मोठा भाऊ घरात भांडून निघून गेलाय, तर ही त्याचीच जुनी सायकल काढून त्याला शोधायला निघते. वाटेत एक लंगडा कुत्रा मागे लागतो. पुस्तक म्हटलं की जांभया देणारी पोरं हे मात्र बाकाखाली धरून वाचायची. शेवटी मुलगी एका निळ्या दारासमोर येते, कडी वाजवते, आतून पावलं ऐकू येतात. "दार उघडलं आणि", असं शेवटच्या पानाच्या तळाशी छापलेलं. मग पुठ्ठा.

पुस्तक बांधणाऱ्याच्या हातून शेवटची सोळा पानं राहून गेली होती. एका प्रतीत नाही, शाळेनं घेतलेल्या सगळ्या गठ्ठ्यात. गठ्ठा इतका स्वस्त का मिळाला, हे तेव्हाच कुणीतरी विचारायला हवं होतं. श्शबाई तेव्हा नोकरीला नव्या होत्या. त्यांनी पोचपावतीवर गोल अक्षरात लिहून दिलं, 'सर्व प्रती तपासून घेतल्या.' खोटं नव्हतं ते. त्यांनी प्रती मोजल्या होत्या, आणि मोजणं म्हणजेच तपासणं अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

मग एक मुलगा पुस्तक घेऊन आला. "बाई, पुढे?"

बाईंनी पान उलटलं, पुठ्ठा पाहिला, आणि कपाटातली दुसरी प्रत काढली. तिथेही पुठ्ठाच. तेव्हाचे मुख्याध्यापक असे की खडू मोडला तरी जबाब लिहून घ्यायचे. नोकरी लागून महिना झालेला. बाई म्हणाल्या, "या पुस्तकाचा शेवट छापलेला नसतो. पुस्तक पुरं वाचलं असेल त्यालाच तो तोंडी सांगायचा असतो."

थाप अशी काही आपोआप तोंडातून निघाली की बाई स्वतःच चकित झाल्या. पण मुलानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि समोर बसला. आता सांगणं भाग होतं. बाईंना शेवट ठाऊक असता तर गोष्ट वेगळी. त्यांनी पुस्तकाची सुरुवातही वाचली नव्हती. त्यांनी मुलाकडे पाहिलं. पोरगा घाबरट, नखं खाणारा. बाईंनी दार उघडलं, भावाला उभा केला, आणि भाऊ बहिणीला म्हणाला, "मी घरी येणारच होतो, फक्त मला भीती वाटत होती." मुलाचं तोंडातलं बोट बाहेर आलं. जाताना त्यानं स्टूल परत कोपऱ्यात ठेवलं.

त्या संध्याकाळी बाईंनी कादंबरी घरी नेऊन एका बैठकीत वाचली आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकाच्या दुकानात जाऊन पूर्ण प्रत हातात घेतली. शेवटचं प्रकरण उघडलं, आणि पटकन मिटलं. खरा शेवट कळला तर आपला सांगताना जीभ अडखळेल, असा त्यांचा हिशोब. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे तर मुठीत काय आहे ते मुठीच्या मालकिणीलाही ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून रिवाजच पडला. नववीतलं पोर पुस्तक संपवायचं, स्टूल ओढायचं आणि बाई त्याचा शेवट सांगायच्या. त्याचा म्हणजे खरंच त्याचा. जो आला त्याच्याकडे बघून त्या शेवट कापायच्या, शिंपी अंग बघून कापड कापतो तसा. फुशारक्या मारणाऱ्या पोराच्या शेवटात भाऊ दार उघडून फक्त म्हणायचा, "उशीर केलास." जिचे वडील वारले होते त्या मुलीच्या शेवटात दार उघडणारी एक म्हातारी होती, आणि ती मुलीला आधी जेवायला वाढायची. दोन जुळे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले तेव्हा बाईंनी एकाला अर्धा शेवट सांगितला नि दुसऱ्याला उरलेला अर्धा. दुपारपर्यंत दोघं जिन्यावर डोक्याला डोकं लावून बसले होते.

एकदाच पंचाईत झाली. जुने दोन विद्यार्थी एकमेकांशी लग्न करून बसले, आणि वर्षभरात कळलं की नवऱ्याच्या शेवटात कुत्रा जिवंत आहे आणि बायकोच्या शेवटात मेलाय. भांडण इतकं पेटलं की दोघं निवाड्यासाठी ग्रंथालयात आले. बाईंनी कव्हर घालता घालता सांगितलं, "दोघांचंही बरोबर आहे. कुत्रे दोन होते."

आता कुणी म्हणेल, भाषेच्या सरांच्या कसं लक्षात आलं नाही? परीक्षेत तर दरवर्षी प्रश्न असायचा, 'कादंबरीचा शेवट तुमच्या शब्दांत लिहा.' त्याचं असं की सरांनी कादंबरी वाचली नव्हती. ज्यानं पुस्तक वाचलंय तो गुण देताना पक्षपात करतो, असं त्यांचं मत. शेवट सगळ्यांचे वेगवेगळे असायचे, पण प्रश्नातच 'तुमच्या शब्दांत' म्हटलेलं होतं, म्हणून ते अक्षर बघून गुण द्यायचे.

घरी मात्र हे सगळं उघड होतं. बाईंचे यजमान चष्म्याच्या दुकानात होते आणि त्यांना एक खोड होती. कुठलंही पुस्तक ते शेवटच्या पानापासून उघडत. "आधी कळलेलं बरं. जिवाला घोर नको." सासूबाई टीव्हीवरच्या मालिकांवर पोसलेल्या. रात्री जेवताना बाई उद्याचा शेवट घोळवून बघायच्या आणि सासूबाई परीक्षण करायच्या.

"लग्न झालं का तिचं?"

"आई, ती पंधरा वर्षांची आहे."

"मग भावाचं लावून दे. दारापर्यंत आलीच आहे, तर रिकाम्या हातानं कशाला जायचं?"

अशी वर्षं गेली. जुन्या प्रतींचे कणे तुटले, पानांना चिकटपट्ट्यांवर चिकटपट्ट्या लागल्या. आणि नव्या आलेल्या मुख्याध्यापिकांनी, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, कुणाला न विचारता चांगल्या मनानं नवा गठ्ठा मागवला.

गठ्ठा टेबलावर आला. श्शबाईंनी सुतळी कापली, वरची प्रत उघडली, आणि जिथे पुठ्ठा यायचा तिथे पान आलं. त्यांनी डोळे मिटून पुस्तक मिटलं.

त्या दिवशी एक प्रत घरी गेली. बाईंना कळायच्या आत यजमानांनी ती पिशवीतून काढली आणि सवयीप्रमाणे शेवटून उघडली.

"अरे वा," ते म्हणाले.

"अहो, सांगू नका!" बाईंनी कानांवर हात ठेवले.

"नाही सांगत. पण काय गं, तो कुत्रा..."

"अहो!"

त्या माणसाच्या पोटात एरवीही काही राहत नसे. आता ते घरभर शेवट पोटात घेऊन फिरू लागले. सारखे खाकरायचे. सासूबाईंनी त्यांना गॅलरीत गाठून काढून घेतलंच, आणि आत येऊन त्या एक शब्दही न बोलता ताटावर बसल्या. सासूबाई जेवताना गप्प बसल्या हे बघून बाई जास्तच घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाचं दार लोटून घेऊन बाईंनी पाकिटं उघडायचं पातं हातात घेतलं. सोळाच पानं तर होती. एका प्रतीची निघाली की पुढच्यांची सहज निघतील. कुणाला कळणार होतं? त्यांनी पातं पानांच्या मुळाशी टेकवलं. पण पानाचा कोपरा दुमडला म्हणून ज्या बाईंनी पोरांचे कान धरले, त्यांचा हात चालेना. नोकरीची भीती आता उरली नव्हती, निवृत्तीला फार दिवसही नव्हते. भीती होती ती कोपऱ्यातल्या स्टुलाची. शेवट पुस्तकातच असला तर यावर येऊन बसणार कोण? बाईंना रडूच आलं. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले, पातं खणात टाकलं आणि नववीला निरोप पाठवला की पुस्तकं घेऊन जा.

मुलं आली, पुस्तकं गेली. सगळ्यात शेवटी खिडकीवाली आली. ही पोरगी वर्गात खिडकीशी बसून बाहेर बघायची आणि तिनं आजवर एकही पुस्तक पुरं केलेलं नव्हतं. "जाड आहे," ती म्हणाली.

"पूर्वी जरा बारीक होतं," बाई म्हणाल्या.

मग काहीच झालं नाही. पोरं पुस्तकं वाचत होती, संपवत होती, आणि स्टूल कोपऱ्यात होतं तिथेच होतं. बाईंनी त्यावरची धूळ पुसली, आणि थोड्या वेळानं पुन्हा पुसली.

आणि एके दिवशी भाषेचे सर तावातावानं आत शिरले. नव्या प्रतीचं मुखपृष्ठ आवडलं म्हणून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ती कादंबरी वाचली होती.

"बाई, घात झाला! शेवट चुकीचा छापलाय!"

"म्हणजे?"

"मी इतकी वर्षं उत्तरपत्रिका तपासतोय. एकाही पोरानं हा शेवट लिहिलेला नाही. एकानंही! सगळी पोरं एकदम चुकतील का? चला मोठ्या बाईंकडे, आख्खा गठ्ठा परत पाठवू."

घ्या! म्हणजे सुंठीवाचून खोकला चालला होता. नुसतं गप्प बसायचं होतं. गठ्ठा परत गेला असता, जुन्या प्रती पुन्हा चिकटवल्या असत्या, आणि गप्प बसण्यात तर श्शबाईंचा जन्म गेलेला. मोठ्या बाईंच्या खोलीत सर हातवारे करत होते, मोठ्या बाई पत्राचा कागद पुढे ओढत होत्या, आणि श्शबाईंच्या तोंडून निघालं, "पुस्तक बरोबर आहे. चुकलेय मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पोचपावती, नखं खाणारा मुलगा, दोन कुत्रे, सगळं. सर खुर्चीत बसले. "म्हणजे मी इतकी वर्षं गुण कशाला दिले?"

"अक्षराला," श्शबाई म्हणाल्या.

मोठ्या बाई कमी बोलायच्या. त्यांनी कागद बाजूला सारला. "म्हणजे शेवट ऐकायचा म्हणून पोरं पुस्तक संपवायची?"

"हो."

"आणि आता कुणी येत नाही?"

"नाही."

"मग शिक्षा झालीच की," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणखी मी काय करू? जा, तास सुरू होईल."

श्शबाई परत आल्या. अंगावरचं ओझं उतरलं होतं, पण हलकं वाटण्याऐवजी नुसतंच रिकामं वाटत होतं. त्या कव्हरं घालत बसल्या. पंखा कटकट करत होता.

स्टूल ओढल्याचा आवाज आला. समोर खिडकीवाली बसली होती. तिनं कादंबरी टेबलावर ठेवली.

"वाचली. सगळी."

"शेवटासकट?" बाईंनी विचारलं.

"शेवटासकट. आता माझा सांगा."

"तुझा कुठला? शेवट तर आहे त्यात. छापलेला."

"तो पुस्तकाचा झाला," खिडकीवाली म्हणाली. "माझ्या ताईला तुम्ही तिचा सांगितला होतात. मामालाही सांगितला होता. ताई अजून कुणाला सांगत नाही, तिचा आहे म्हणते. मग माझा कुठाय? एवढं जाड पुस्तक मी उगाच वाचलं का?"

दाराशी तिच्या वर्गातली आणखी पाच-सहा पोरं उभी होती. सगळ्यांच्या हातात पुस्तकं. बाहेर का ताटकळत होती विचारल्यावर एक म्हणाला, छापलेला वाचला असला तर बाई आपला देत नाहीत, असं त्यांना वाटलं होतं.

श्शबाईंनी हातातलं कव्हर बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना एकही शेवट सुचत नव्हता, आणि निळ्या दारामागे खरोखर कोण होतं ते कळायला हवं, असं मात्र फार वाटत होतं.

"तुझा देते," त्या म्हणाल्या. "पण आधी मला पुस्तकातला सांग. मी वाचलेला नाही."

खिडकीवालीनं त्यांच्याकडे नीट निरखून बघितलं. मग स्टूल आणखी पुढे ओढलं. "दार उघडलं आणि," तिनं सुरुवात केली, तोच दाराशी ढकलाढकली, हसाहशी सुरू झाली.

"श्श!" बाई ओरडल्या. "मला ऐकू द्या."