रहिमतपूरचे चुनेवाले चाचा

"कागद दावा, मग पोती." टेंपोतून उतरता उतरताच चाचा हात पुढं करायचे. कागद म्हणजे माती तपासल्याचा. तो नसला तर एक पोतं खाली उतरत नसे. विकायला येऊन न विकण्यासाठी अडून बसणारा व्यापारी तुम्ही पाहिलाय का? आम्ही पाहिला.

हे चाचा दळलेला शेतीचा चुना घेऊन रहिमतपूरहून आमच्या महाबळेश्वरच्या डोंगरात यायचे. इथला पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो आणि माती आंबट होते. आमच्या खालच्या वावरात स्ट्रॉबेरीची रोपं खुरटायची, फळ बोराएवढं. एक हॉटेलवाला ते वावर गाड्या लावायला मागत होता. माझे सासरे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार. ते म्हणाले, "ह्यो एक हंगाम बघू. न्हाई जमलं तर दिऊन टाकू." लग्न होऊन आल्यापासून ते वावर मीच कसत होते.

चाचांनी आमचा कागद दोनदा वाचला आणि मागितली त्याच्या निम्मीच पोती उतरवली. "दवा हाय ही सुभेदार, खीर न्हवं."

चार दिवसांनी शेजारच्या गावाला जाताना ते डोकावले आणि कपाळाला हात लावून बांधावरच बसले. सासऱ्यांनी सगळा चुना दोरी धरून सरळ पांढऱ्या रेघांत ओतला होता! आयुष्यभर परेडचं मैदान आखलेला माणूस तो.

"आवं, हितं पलटण उभी करायची हाय का?"

"रेघ सरळ हाय का न्हाई, तेवढं बोला," सासरे म्हणाले.

"लय सरळ हाय. पर मुळं काय रेघंवरनं चालत्यात व्हय?"

मग चाचांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली, दाताळं घेतलं आणि दिवसभर आमच्याबरोबर चुना पसरून मातीत मिसळला. संध्याकाळी दोघं म्हातारे भुवयांपर्यंत पांढरे झाले होते. मी हसून हसून बेजार.

हिवाळ्यात फळ असं लागलं की तोडता तोडता हात दुखले. सासऱ्यांनी हॉटेलवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि मला म्हणाले, "पयली पेटी घे. रहिमतपूरला जायचं."

चाचा आता नाहीत, पण त्यांची ती दुपारची ओसरी माझ्या डोळ्यांपुढं आहे. चाचांच्या एक फळ तोंडात, दुसरं हातात.

"ही पिकली नसती तर वावर जाणार हुतं," सासरे सहज बोलून गेले.

चाचांचा हात थांबला. "आन ह्ये मला आत्ता सांगताय?" ते खेकसले. डोळे भरले होते, पांढऱ्या दाढीवरून लाल रस गळत होता. "आदी बोलला असता, तर रोज यिऊन बघून गेलो असतो की वो!"