आखाजीचं लुगडं

आमच्या शेजारचे लोटन आबा धुळ्यातल्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होते. दिवसभर कापूस तोलायचे, संध्याकाळी ओट्यावर बसून गल्लीला तोलायचे. कुणाच्या अंगावर गिरणीचं कापड दिसलं की विचारायचे, "हे विणलं कोणी? नाव सांग!" आता नाव कुणाला येणार? मग स्वतःच्या जाडजूड धोतरावर हात फिरवून म्हणायचे, "हे कादरनं." कादर मागच्या गल्लीतला विणकर. त्याच्याशी आबांनी कधी घासाघीस केली नाही. "भाव पाडणं म्हणजे त्याच्या ताटातली भाकर उचलणं," म्हणायचे. मी त्यांना 'कादरचं दुकान' म्हणून चिडवायचो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मुलगी मंजुळा माहेरी आली की तिला कादरच्या मागावरचं लुगडं ठरलेलं. छत्तीस साली मात्र तिचा आधीच निरोप आला, जाड लुगड्याला जावा हसतात, या खेपेला पातळ घ्या. आबांना ते कादरला सांगवेना. त्याच्या कापडाला नावं ठेवल्यासारखं झालं असतं ना! गुपचूप पेठेतून गिरणीचं मऊ लुगडं आणलं. दुकान मीच दाखवलं. खोटं कशाला बोलू, मला त्यांची गंमत बघायची होती.

आखाजीच्या सकाळी मंजुळा ते नेसून लिंबाच्या झोक्यावर, आणि दारात कादर, काखेत गाठोडं.

मी ओरडलो, "कादरभाई, आबांना विचारा, हे विणलं कोणी?"

आबांची मान खाली गेली.

कादरनं झोक्याकडे पाहिलं. "रंग चांगला शे," म्हणाला, आणि गाठोडं सोडलं. आत जांभळं लुगडं, बोटांतून निसटेल इतकं तलम. "गेल्या आखाजीले मंजुळानी आमनी घरवाली हसीनाबीले सांगेल व्हतं, जाड लुगडं खांदाले टोचस. मंग बारीक सूत शोधी लयनू."

मंजुळानं झोक्यावरून उतरून कापड चाचपलं. "आबा, कादरभाऊ इतलं बारीक विणस, मंग तुमी त्याले इचारं का नही?"

मंजुळा आत जाऊन लुगडं बदलून आली, कादर सांजोरी खाऊन हसत गेला. त्यानं एका शब्दानं टोकलं नाही, तेच आबांना जड गेलं.

त्यानंतर धोतर कादरचंच, पण 'विणलं कोणी' हा प्रश्न आबांनी कुणाला विचारला नाही. जिनिंगला जाताना मागची गल्ली टाळून लांबून जायचे. गिरणीचं लुगडं फडताळात पडून राहिलं, ना कुणाला दिलं, ना फाडलं. आबांकडे गेलो आणि ते फडताळ उघडं दिसलं, की मीही दुसरीकडे बघायचो.