चारुआत्याचं नॉर्मल सॅम्पल

चारुआत्या रूपालीची आत्या, पण ब्राह्मणपुरीत आमच्या अख्ख्या गल्लीची पोरं तिला आत्याच म्हणतात. शहाद्याला बीएस्सी, मग पुण्यात एमएस्सी, पीएचडी, आणि तिथंच लॅबमध्ये नोकरी. काम कॅन्सरवर. औषध नाही बनवत ती. आपल्या पेशीतला डीएनए रोज कुठं ना कुठं तुटतो आणि काही जीन तो सांधत राहतात, असल्या एका जीनमागे तिची सगळी वर्षं गेली. तो जन्मापासून बिघडलेला असला तर बाईला छातीचा कॅन्सर व्हायची शक्यता खूप वाढते, आणि बिघाड आईकडून येतो तसा बापाकडूनही येतो.

तपासणीत पेशंटच्या रक्ताशेजारी तुलनेला एक चांगलं रक्त, म्हणजे नॉर्मल सॅम्पल, ठेवतात. आत्या स्वतःचंच ठेवायची, कारण घरात कॅन्सर कोणालाच नाही असं तिच्या मोठ्या भावाने, म्हणजे रूपालीच्या वडिलांनी, हिंमतभाऊंनी सांगितलेलं. आधी जीनचा एक तुकडाच वाचायचे. नव्या मशीनवर पूर्ण वाचला आणि बिघाड निघाला तो तिच्याच रक्तात. तिला वाटलं नळ्या बदलल्या. परत केलं, तेच.

मग ती गावी आली. भाऊ, रूपाली आणि मी ओट्यावर होतो.

"भाऊ, आपला घरमा छातीना कॅन्सर कोनले व्हता?"

"कोनलेच नही. कितला डाव सांगू?"

"धानोरावाल्या दोन्ही आत्या कशामा गयात?"

"छातीनी गाठमा. पन त्या आपला घरन्या कशा? लगीन व्हयनं, गोत बदलनं. त्या त्यासना सासरन्या."

"लगीनमा रगत नही बदलत, भाऊ."

"मंग आता तू त्यासले माहेरले परत लई येस का, मोठी साहेबीन?"

आत्या हसली नाही. म्हणाली, तुझं रक्त तपासू दे. तुझ्यात बिघाड नसला तर रूपाली सुटली. असला तर तिच्यात यायची शक्यता निम्मी.

"मन्हंच तपास ना," रूपाली म्हणाली.

"तू गप बस. साखरपुडा शे तुन्हा. सोयरासना कानवर गयं तं घरमा बठी राहशी." भाऊ म्हणाले, मग आत्याकडे बघून, "आपलामा शे असं तुले कोनी सांगं?"

"मन्हामा शे, भाऊ."

चहा आला तो भाऊंनी तसाच ठेवला.

"कोनले सांगेल शे?"

"कोनलेच नही. पहिले तुलेच."

त्यांनी बाही वर केली. "ले."

"ओट्यावर नही काढत रे. सकाय शहादाले चाल."

रिपोर्ट घेऊन आत्या परत आली. भाऊंच्यात बिघाड नव्हता, म्हणजे रूपालीही मोकळी. भाऊंनी शहाद्याहून पेढे मागवले. रूपालीला दिला, मला दिला, आत्यासमोर हात थांबला.

"तुन्हं काय आता?"

"दरसाल तपासणी. कदाचित ऑपरेशन. काम चालूच शे." आत्याने पेढा स्वतःच उचलला. "धानोराले दोन्ही आत्यासन्या पोरी शेतस. त्यासनामाबी बिघाड ऱ्हाऊ शकस. आज जाई ऱ्हायनू सांगाले."

"एकली नको जाऊ. पाव्हन्यासमा मी बोलस."

"रूपालीना सासरले समजी."

"समजू दे," भाऊ म्हणाले आणि चपला घालून गाडी काढायला उठले.