ॲप्स साफ केली आणि गजरच गेला

लेकीच्या उशाशी बसून लिहितेय.

माझ्या नऊ वर्षांच्या जुईला मधुमेह आहे. दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावलाय. साखर उतरली की त्याच्या ॲपमुळं माझा मोबाईल जोरात वाजतो.

आज दुपारी मोबाईल लई अडकत होता. जेवणं झाली की ओटा पुसावा, तशी उघडी ॲप्स एका बोटानं साफ करायची मला सवय आहे. केली साफ. जुई झोपली होती, मी गच्चीवर कपडे वाळत घातले.

तेवढ्यात सिल्लोडहून नवऱ्याचा फोन. "अगं, जुईच्या साखरेचा आकडा माझ्या मोबाईलवर दिसंना. तिकडं काय दाखवतंय?"

बघते तर बाकीच्यांसोबत तिच्या सेन्सरचं ॲपही मीच बंद केलेलं! जिन्यावरून पळत खाली आले. उशी घामानं भिजलेली. उठवलं तर परक्यासारखी बघत बसली. ग्लुकोजचं पाणी घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी म्हणाली, "मम्मी, तू का रडतीस?"

मोबाईल गप्प होता, म्हणून मला वाटलं पोरगी ठीक आहे.

तुमच्या लेकराला सेन्सर असेल तर सांगा, गजर चालू आहे याची खात्री तुम्ही कशी करता? मी तर मघापासून तिच्या कपाळालाच हात लावून बसलेय.