गाळलेला परिच्छेद

वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना भुताखेतांची बातमी आली की मी ती दोन ओळींवर आणायचो, नाहीतर टोपलीत टाकायचो. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो आहे. घडलं तेवढंच लिहितो.

ठिकाण बडोदे, कारेलीबाग. सोसायटीतला आमचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. वेळ दुपारच्या चहानंतरची. माणसं दोनच... मी आणि माझी आई.

धाकटी बहीण नीता हिनं सॅम्युअल नावाच्या ख्रिस्ती मुलाशी लग्न केलं आणि ती बडोद्याजवळच बाजव्याला राहायला गेली. बरीच वर्षं झाली. त्यानंतर आई आणि ती एकमेकींशी एकदाही बोलल्या नाहीत. माझं दोघींशीही बोलणं होतं. गेल्या वर्षी आईची नजर गेली, हृदयही थकलं. एका दुपारी तिनं आपणहून विचारलं, “ती हल्ली काय वाचत असते रे?”

“ख्रिस्ती फँटसी रोमान्स,” मी म्हणालो. “राजे, ड्रॅगन, लग्नं. वरून प्रेमकथा, आतून देवाची.”

“मग आण एखादं.”

नीताची आवडती कादंबरी तिला विचारून मी ऑनलाइन मागवली. पाकीट मीच फोडलं. पुस्तक इंग्रजी होतं आणि आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून मी पानावरून थेट मराठीत सांगत जायचो. तटबंदीच्या नगरातली एक मुलगी मेंढपाळाच्या प्रेमात पडते, घर सोडून त्याच्याबरोबर निघते. तो खरं तर वेष पालटलेला राजा असतो.

“म्हणजे गौळणच की ही,” आई म्हणाली. “घरदार टाकून निघाली त्याच्यामागे. जन्मभर टाळ्या वाजवत गौळणी ऐकल्या आम्ही, आणि घरातली निघाली तर—” मग एकदम, तिच्या बडोद्याच्या गुजराती वळणानं, “चाल, वाच. आणि जरा माणसासारखं सांग. ‘राजाने प्रतिपादन केले’ म्हणे! प्रेम करतोय की पत्रकार परिषद घेतोय?”

मुलगी नगर सोडते त्या प्रकरणात तिच्या आईवर एक परिच्छेद होता. आमच्या आईला लागेल म्हणून मी तो गाळला. सांधा दिसू न देता मजकूर कापणं हे माझं आयुष्यभराचं काम. घोडे वेशीबाहेर पडले, असं सांगून मी पुढे गेलो.

“थांब. तिची आई कुठे गेली?”

“आई नाहीये यात.”

“आहे. तटावर आली ना धावत? पीठ चाळता चाळता उठलेली... हातात चाळणी तशीच. हाक मारली तिनं.”

मी पान पुन्हा पाहिलं. तट, हाक, चाळणी — सगळं त्या परिच्छेदात होतं. पीठसुद्धा.

“तुला हे कुणी सांगितलं?”

“ते जवा दे, सोड. पोरीला ऐकू गेलं का, ते सांग.”

परिच्छेदात ते लिहिलेलं नव्हतं आणि पुढची पानं मी वाचलेली नव्हती. आई दमलेली दिसत होती. “येईल पुढे, उद्या बघू,” असं म्हणून मी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं. ती घरी परत आली नाही.

नंतर मी शक्य ते सगळं तपासलं. नीताचं आईशी बोलणंच नव्हतं. घरी येणाऱ्या कुणीही ते पुस्तक वाचलेलं नव्हतं. मराठी किंवा गुजराती अनुवाद मला सापडला नाही. कथा ऐकून आईनं अंदाज बांधला, असं मानायला मी तयार होतो... पण चाळणी आड येते.

तेराव्याला नीता आली. तिला मी हे सांगितलं आणि विचारलं, “तू गेलीस त्या दिवशी आई बाहेर आली होती?”

“गॅलरीत आली होती. रिक्षा सुरू झाली तेव्हा ‘नीते’ म्हणून हाक मारली तिनं.”

“ऐकलीस तू?”

“ऐकली की.”

“हातात काय होतं तिच्या?”

“मी वळलेच नाही रे. वळले असते तर उतरावं लागलं असतं.”

आईला तो परिच्छेद कसा कळला, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. पोरीला ऐकू गेलं का, हे तिनं जे विचारलं त्याचं मात्र होतं — बाजव्याला, एका फोनवर. मी ते पुस्तकाच्या पुढच्या पानांवर सोपवलं.