विधीबाईंनी गिळलेलं वाक्य

कुणी ‘वकीलबाई’ म्हटलं की विधीबाई भडकायच्या. “वकील कायची! माह्यं काम वकिलाच्या दारापरेंत. आत तोंड तुह्यं, कायदा त्यायचा.” कोर्टाकडून विधी स्वयंसेवक म्हणून नेमलेल्या, म्हणून पांढरकवड्यात सगळे त्यांना विधीबाई म्हणायचे. अर्ज लिहून देणं, वकील मिळवून देणं, तांड्यावरच्या बंजारा बायकांची गोरबोली कोर्टातल्या साहेबांना मराठीत सांगणं, हे त्यांचं काम. बाईच्या बोलण्यात आपलं तिखटमीठ घालायचं नाही, हा त्यांचा हट्ट. एका म्हातारीनं नवऱ्याला हासडलेली शिवीसुद्धा त्यांनी जशीच्या तशी सांगितली होती. साहेबांना हसू आवरेना.

माझ्या वेळी मात्र त्या अडल्या. समेटाच्या बैठकीत मी मान खाली घालून गोरबोलीत सांगितलं, नवरा अंगावरचं लुगडं ओढून घेतो आणि मला तसंच अंगणात उभं करतो. समोर माझ्या सासरच्या तांड्याचे नायक बसलेले. ते विधीबाईंचे भासरे, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचे थोरले भाऊ; त्यांच्यापुढे विधीबाईंचा डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता. त्यांनी तो आणखी पुढे ओढला आणि साहेबांना एवढंच म्हणाल्या, “नवरा तरास देते म्हनते.”

त्रास काय, घरोघरी असतो. साहेबांनी नवऱ्याला चार शब्द सुनावले आणि मला नांदायला धाडलं. अंगण काही सुटलं नाही.

शेवटी मी माहेरी पळून आले, तेव्हा विधीबाई स्वतः दारात आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. “पोरी, तुह्यं बोलनं मी गिळलं. मले भासऱ्याची लाज वाटली, अन् इज्जत तुही गेली,” म्हणाल्या आणि उंबऱ्यातच रडायला लागल्या.

पुढच्या बैठकीत त्यांनी भासऱ्यांसमोर पदर खांद्यावर घेतला आणि माझं वाक्य शब्दन् शब्द सांगितलं. वर म्हणाल्या, “मांगच्या खेपेलेबी इनं हेच सांगतलं होतं, साहेब. चूक माही.” नायकांनी मान फिरवली. मला परत जावं लागलं नाही. भासऱ्यांच्या घरचं लग्नाचं आवतण मात्र विधीबाईंना पुन्हा कधी आलं नाही.

आता काम सोडून त्या उमरखेडला लेकीकडे असतात. भेटल्यावर मी कुणापुढे त्यांचं कौतुक करायला लागले की मधेच तोडतात, “इले एकदा मीच परत धाडलं होतं, थेबी सांग.”

तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मराठी मला तेव्हाही कळत होतं. त्यांनी माझं वाक्य गिळलेलं मी ऐकलं होतं, आणि मनात म्हटलं होतं, बरं झालं गं बाई, साहेबांपुढे तरी अब्रू राहिली. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.